सबॅटिकल रजा

सबॅटिकल रजा म्हणजे दीर्घकाळ सेवा केलेल्या अध्यापकाला अध्ययन, संशोधन, लेखन किंवा तत्सम विद्याविषयक कार्यासाठी संस्थेने मंजूर केलेली दीर्घ मुदतीची सवेतन रजा होय. या काळात अध्यापक नित्याच्या अध्यापनातून मुक्त असतो, मात्र त्याचे पद व सेवेचे सातत्य कायम राहते. रजा संपल्यावर त्याने मूळ संस्थेत परत यावे, ही या रजेमागील मूलभूत अपेक्षा असते. ही रजा बहुधा वयाच्या चाळिशी-पन्नाशीत मिळत असल्याने अनेकदा व्यवसायाच्या फेरविचाराचा, तर काही वेळा व्यवसाय बदलण्याचाही काळ ठरते. परतण्याची अपेक्षा आणि बदलाची इच्छा यांतील ताण हा या विषयाचा महत्त्वाचा भाग आहे. महाराष्ट्रात या ताणाचे एक प्रसिद्ध उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात आढळते. गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला.

नाव व संकल्पना

‘सबॅटिकल’ हा शब्द विश्रांती किंवा कार्यविराम असा अर्थ असलेल्या ‘शब्बाथ’ या हिब्रू शब्दापासून आला आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात, सहा वर्षे शेत पेरावे आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, असा नियम सांगितला आहे. या सातव्या वर्षाला हिब्रू परंपरेत ‘श्मिटा’ म्हणतात. ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या रजेला हे नाव त्यावरूनच पडले.

जमीन पड टाकण्याची पद्धत कोकणातही परिचित आहे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत काही वर्षे नाचणी, वरी यांसारखी पिके घेऊन नंतर ती काही वर्षे पड ठेवली जात असे. जमिनीचा कस भरून यावा आणि तिने पुन्हा पीक द्यावे, हा या पद्धतीचा हेतू होता. सबॅटिकल रजेमागेही हाच विचार आहे. विश्रांती व अध्ययन यांमुळे अध्यापकाची क्षमता वाढावी आणि तिचा लाभ संस्थेला व्हावा, असे त्यात गृहीत धरलेले असते.

मराठीत या रजेसाठी एकच रूढ पर्यायी शब्द नाही. ‘अध्ययन रजा’ हा शब्द काही वेळा या अर्थाने वापरला जातो. परंतु सेवानियमांनुसार अध्ययन रजा आणि सबॅटिकल रजा या दोन स्वतंत्र रजा आहेत.

उगम

आधुनिक विद्यापीठांतील सबॅटिकल रजेचा आरंभ सामान्यतः १८८० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाला, असे मानले जाते. त्या वेळी चार्ल्स एलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संस्कृतचे विद्वान चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांना हार्वर्डमध्ये आणताना एलियट यांनी दर सातव्या वर्षी अर्ध्या वेतनावर रजेची सवलत देऊ केली. पुढे अमेरिकेतील इतर विद्यापीठांनी आणि नंतर अनेक देशांतील विद्यापीठांनी ही पद्धत स्वीकारली.

लॅनमन यांचा भारताशी आणि मराठी विद्वानांशीही संबंध आला. त्यांनी १८८९ मध्ये भारताचा प्रवास करून हार्वर्डसाठी सुमारे ५०० हस्तलिखिते मिळवली. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. तेथे ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनकार्यात सहभागी झाले. परतल्यावर काही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले.

भारतातील नियम

भारतातील विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांच्या रजांविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमावली केली आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दीर्घ अनुपस्थितीशी संबंधित तीन रजा महत्त्वाच्या आहेत.

*अध्ययन रजा*

ही रजा प्रामुख्याने सेवेच्या आरंभीच्या टप्प्यातील अध्यापकांसाठी आहे. सहायक प्राध्यापक म्हणून किमान ३ वर्षांची सलग सेवा झाल्यावर ती मिळू शकते. प्रथम २ वर्षांपर्यंत रजा मंजूर होते आणि कामाची प्रगती समाधानकारक असल्यास ती आणखी १ वर्ष वाढवता येते. संपूर्ण सेवेत तिची एकूण मुदत ३ वर्षांहून अधिक असू शकत नाही. रजेवरून परतण्याच्या अपेक्षित दिनांकापासून ५ वर्षांच्या आत निवृत्त होणाऱ्या अध्यापकाला ती दिली जात नाही. रजेपूर्वी अध्यापकाला बंधपत्र लिहून द्यावे लागते. त्यानुसार परतल्यावर किमान ३ वर्षे संस्थेची सेवा करणे बंधनकारक असते. ही अट मोडल्यास रजेच्या काळातील रक्कम परत करावी लागते.

*सबॅटिकल रजा*

सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदांवर ७ वर्षांची सेवा पूर्ण केलेल्या कायम, पूर्णवेळ अध्यापकाला ही रजा मिळू शकते. एका वेळी १ वर्ष आणि संपूर्ण सेवेत २ वर्षे ही तिची कमाल मर्यादा आहे. पूर्वी अध्ययन रजा घेतली असल्यास त्या रजेवरून परतल्यानंतर ५ वर्षे पूर्ण होईपर्यंत सबॅटिकल रजा घेता येत नाही. रजेच्या काळात पूर्ण वेतन व भत्ते मिळतात. अर्जासोबत नियोजित कामाचा आराखडा आणि परतल्यावर केलेल्या कामाचा अहवाल सादर करावा लागतो.

या काळात देशात किंवा परदेशात दुसऱ्या संस्थेची नियमित नोकरी स्वीकारता येत नाही. अधिछात्रवृत्ती, संशोधनवृत्ती किंवा मानधनावरील तात्पुरते अध्यापन-संशोधन यांना परवानगी मिळू शकते; मात्र अशा वेळी संस्था कमी वेतनावर रजा मंजूर करू शकते. रजा संपल्यावर अध्यापक मूळ संस्थेत रुजू झाला, तरच हा काळ निवृत्तिवेतनासाठीच्या सेवेत धरला जातो.

*असाधारण रजा*

अन्य रजा शिल्लक नसताना, किंवा अध्यापकाने तसा अर्ज केल्यास, असाधारण रजा मिळू शकते. ती नेहमी विनावेतन असते. अन्यत्र अध्यापनाचे किंवा संशोधनाचे निमंत्रण स्वीकारण्यासाठी ती घेता येते.

मध्यवयाशी असलेला संबंध

नियमांत सबॅटिकल रजेसाठी वयाची अट नाही; तरीही पात्रतेच्या अटींमुळे ती व्यवहारात मध्यवयातच मिळते. २०१८ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्राप्त सहायक प्राध्यापकाला पदोन्नतीच्या क्रमात अनुक्रमे ४, ५ आणि ३ वर्षे सेवा करून, म्हणजे किमान १२ वर्षांनी, सहयोगी प्राध्यापक होता येते. त्यानंतर ७ वर्षांची सेवा धरल्यास सबॅटिकल रजेची पात्रता सुमारे १९ वर्षांनी येते. तिसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या अध्यापकाला ही रजा पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळते. पीएच.डी. नसल्यास किंवा पदोन्नती लांबल्यास हा काळ आणखी वाढतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साधारणपणे ४० ते ४५ या वयाला मध्यवयातील संक्रमणाचा काळ म्हटले आहे. आतापर्यंत काय साधले आणि उरलेल्या वर्षांत काय करायचे, हा प्रश्न या काळात ठळक होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सबॅटिकल रजेत रोजच्या तासिका, परीक्षा आणि कार्यालयीन कामे थांबत असल्यामुळे या प्रश्नाला अवकाश मिळतो.

व्यवसायांतराचे साधन म्हणून मात्र या रजेला स्पष्ट मर्यादा आहेत. नव्या क्षेत्राची ओळख करून घेणे, ग्रंथ पूर्ण करणे, नवे कौशल्य शिकणे किंवा एखाद्या संशोधनसंस्थेत काम करून पाहणे शक्य असते. परंतु नवी नोकरी स्वीकारून पाहणे शक्य नसते. त्यामुळे रजेच्या काळात निर्णय पक्का झाला, तरी त्याची अंमलबजावणी परतून रुजू झाल्यावरच करणे बहुधा इष्ट ठरते. रजेच्या काळात संस्था वेतन देते आणि सहकारी अध्यापक त्या व्यक्तीचे वर्ग सांभाळतात. म्हणून परतण्याच्या अटीला आर्थिक बाजूबरोबरच नैतिक बाजूही आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

*आजीव सभासदांची प्रतिज्ञा*

हार्वर्डमध्ये सबॅटिकल रजा सुरू झाली त्याच वर्षी, १ जानेवारी १८८० रोजी, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. त्यातून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. या संस्थेत आजीव सभासदांची पद्धत होती. आजीव सभासद अल्प वेतनावर २० वर्षे संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा करीत. सुरुवातीच्या काळात हे वेतन दरमहा ७५ रुपये होते.

ही पद्धत सबॅटिकल रजेहून वेगळी होती. रजेची मुदत संपली की अध्यापक संस्थेत परत येतो. प्रतिज्ञेची मुदत संपली की तो संस्थेतून मोकळा होत असे. विशीत प्रतिज्ञा घेतलेली व्यक्ती चाळिशीच्या सुमारास मुक्त होई आणि पुढील आयुष्य अन्य कार्याला देऊ शके. अशा रीतीने मध्यवयातील व्यवसायांतराला या पद्धतीत अप्रत्यक्षपणे जागा होती.

मुदत पूर्ण होण्यापूर्वी बाहेरचे काम किती करावे, हा प्रश्न मात्र लवकरच निर्माण झाला. आजीव सभासदांनी आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, असा बाळ गंगाधर टिळक यांचा आग्रह होता. पुणे सार्वजनिक सभेच्या चिटणीसपदी गोखले यांची निवड होणे, हे १८९० मधील टिळकांच्या राजीनाम्याचे तात्कालिक कारण ठरले. संस्थेतील मतभेद त्याआधीपासूनचे आणि अधिक व्यापक होते. रजेवरील अध्यापकाने दुसरे नियमित पद स्वीकारू नये, या आजच्या नियमामागेही अध्यापकाच्या वेळेवर कोणाचा अधिकार, हाच प्रश्न आहे.

*गोपाळ कृष्ण गोखले*

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी नोकरी करून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर गोखले १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढील वर्षी सोसायटीचे आजीव सभासद बनले. कुटुंबाने कष्टाने शिकविलेल्या तरुणाने ७५ रुपयांच्या वेतनावर २० वर्षांची सेवा पत्करणे, हा त्याच्या घरासाठीही मोठा निर्णय होता. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी व गणित आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही लोकप्रिय झाले.

१८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेच्या वतीने ते इंग्लंडला गेले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे ३१ वर्षांचे होते. महाविद्यालयापासून काही महिने दूर राहून केलेल्या या कामामुळे अर्थविषयक प्रश्नांचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख झाली. याच दौऱ्यात, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांच्या वर्तनाबद्दल मित्रांच्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमध्ये आरोप प्रसिद्ध केले. परतल्यावर ते सिद्ध करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि त्यांच्यावर कडक टीका झाली. या प्रसंगानंतरही त्यांनी अध्यापन सोडले नाही; महाविद्यालयाचे काम त्यांनी आणखी पाच वर्षे केले.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. त्यानंतर ते केंद्रीय कायदेमंडळात गेले. तेथील अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिले भाषण मार्च १९०२ मध्ये झाले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाचा निरोप घेतला. तोपर्यंत त्यांच्या अध्यापनाला जवळजवळ १८ वर्षे झाली होती. कायमचा निरोप घेण्यापूर्वी त्यांनी संपादन, संस्थांचे चिटणीसपद, आयोगापुढील साक्ष आणि कायदेमंडळ या मार्गांनी नव्या क्षेत्रात टप्प्याटप्प्याने प्रवेश केला होता.

१२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. या संस्थेत नव्या सभासदाला ५ वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागे. त्यात अध्ययनाबरोबर देशातील विविध भागांच्या प्रवासाचाही समावेश होता. प्रत्यक्ष कार्यापूर्वी अध्ययनासाठी मोकळा काळ असावा, हा विचार येथे संस्थेच्या रचनेतच आला.

जानेवारी १९१५ मध्ये मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेतून कायमचे भारतात परतले. एक वर्ष देशभर फिरून परिस्थिती पाहावी आणि त्या काळात सार्वजनिक प्रश्नांवर मत व्यक्त करू नये, असे गोखले यांनी त्यांना सुचविले. गांधींनी ते मान्य केले. गांधींचे वय त्या वेळी ४५ वर्षांचे होते. ही औपचारिक रजा नव्हती. तथापि एका कार्यक्षेत्रातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी घेतलेल्या निरीक्षणकाळाचे हे ठळक उदाहरण आहे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे निधन झाले, तेव्हा ते वर्ष नुकतेच सुरू झाले होते.

*धोंडो केशव कर्वे आणि र. पु. परांजपे*

टिळकांच्या राजीनाम्यानंतर गणिताच्या अध्यापनासाठी गोखले यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातील आपले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना निमंत्रित केले. कर्वे हेही रत्नागिरी जिल्ह्यातील; दापोली तालुक्यातील मुरूड हे त्यांचे गाव. १८९१ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये रुजू झाले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. अध्यापन सांभाळूनच त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. गोखले यांच्या उदाहरणात अध्यापन सुटल्यावर नवी संस्था उभी राहिली, तर कर्वे यांच्या उदाहरणात पुढील कार्याचा पाया अध्यापनाच्या काळातच घातला गेला होता.

दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेले र. पु. परांजपे १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १९२१ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत, ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. पुढे त्यांनी लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्त म्हणूनही काम केले.

ग्रामीण महाविद्यालयांतील स्थिती

उच्च शिक्षणासाठी कोकणातील तरुणांनी मुंबई-पुण्यास जावे, अशी स्थिती गोखले यांच्या काळात होती. आज गुहागरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही पदवी महाविद्यालय आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक पारंपरिक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत.

लहान महाविद्यालयांत सबॅटिकल रजेचा प्रश्न शहरांपेक्षा वेगळा असतो. तेथे एखाद्या विषयाला अनेकदा एक किंवा दोनच पूर्णवेळ अध्यापक असतात. त्यांपैकी एक वर्षभर रजेवर गेल्यास त्या विषयाचे अध्यापन बदली अध्यापकावर अवलंबून राहते. दूरच्या ठिकाणी काही महिन्यांच्या नेमणुकीसाठी पात्र व्यक्ती मिळणे कठीण असते. त्यामुळे नियमानुसार पात्र असलेला अध्यापकही विद्यार्थ्यांच्या नुकसानीच्या विचाराने अर्ज करण्याचे टाळू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजनांतील फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्राममध्ये या अडचणीची दखल होती. या कार्यक्रमाखाली संशोधनासाठी मुक्त झालेल्या अध्यापकाच्या जागी नेमलेल्या व्यक्तीच्या वेतनाचीही तरतूद करण्यात आली होती.

याउलट, बदली अध्यापक म्हणून येणाऱ्या व्यक्तीला स्वतःला असे संरक्षण नसते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांना घेतलेल्या तासिकांनुसार मानधन मिळते. सबॅटिकल रजा फक्त कायम अध्यापकांसाठी असल्याने, चाळिशी गाठेपर्यंत तासिका तत्त्वावर राहिलेल्या अध्यापकाला व्यवसाय बदलण्याचा विचार उत्पन्न थांबवूनच करावा लागतो. त्यामुळे सबॅटिकल रजेची चर्चा अखेरीस कायम पदांच्या उपलब्धतेशी येऊन मिळते.

हे सुद्धा पहा

गोपाळ कृष्ण गोखले
डेक्कन एज्युकेशन सोसायटी
फर्ग्युसन महाविद्यालय
भारत सेवक समाज
धोंडो केशव कर्वे
विद्यापीठ अनुदान आयोग
गुहागर